कंबोईचा चिखल आणि आजीचं पादेलोण

कंबोईहून परत यायला रात्रीचे साडेआठ झाले. दांडिया बाजारातल्या घराच्या ओट्यावर मी गमबूट काढले, तोच माजघरातून आजीचा आवाज आला, "पादेलोण सांडलं का गं कुणी?" पादेलोण म्हणजे काळं मीठ. कुणीच काही सांडलं नव्हतं. माझ्या डाव्या बुटात ओंजळभर चिखल अडकला होता, त्याचा तो वास. दिवसभर मी ज्याच्या मागे हिंडत होते ते सल्फाइड, गंधकाचं वास मारणारं संयुग, आजीने आपल्या फडताळातल्या डब्यावरून अचूक ओळखलं. बडोद्याच्या बाजारात पादेलोण मागायचं तर संचळ म्हणावं लागतं, पण आमच्या घरात तो शब्द चालत नाही. ताकात पादेलोण, पोट धरलं की लिंबाच्या फोडीवर पादेलोण.

मी तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. प्रकल्प होता मही नदीच्या मुखाजवळच्या गाळात राहणाऱ्या, ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वास घेणाऱ्या जीवाणूंचा. बडोद्याला समुद्र नाही. आमच्याकडे विश्वामित्री आहे आणि तिच्यातल्या मगरी आहेत. समुद्र बघायचा तर पाद्रा, जंबुसर करत पाऊणशे किलोमीटरवर कावी-कंबोईला जायचं. तिथे महीसागर संगम आणि काठावर स्तंभेश्वर महादेव. दर भरतीला हे देऊळ पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा वर येतं. लहानपणी घरच्यांबरोबर दोनदा गेले होते. पिंडीवर पाणी चढताना बघायला सगळे कठड्याशी उभे राहायचे आणि आई सारखी म्हणायची, "चिखलात पाय घालू नकोस." या वेळी मी त्या चिखलासाठीच निघाले होते.

दिवस ठरवायला सरांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं, आजीने भिंतीवरचं कॅलेंडर. दोघांचंही बोट अष्टमीवर आलं. खंभातच्या आखातात पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याची चढउतार दहा मीटरच्या आसपास जाते, म्हणजे तीन मजली घर बुडेल इतकी, आणि पाणी सपाट चिखलावरून फार वेगाने आत येतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, ते कमी चढतं, कमी उतरतं, जरा सबुरीने येतं. तिथे जाळी लावणारे एक काका आम्हाला वाट दाखवायला आले. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, "बेन, पाणी आवे त्यारे दोडवानुं नहीं, पहेलेथी नीकळी जवानुं." पाणी आल्यावर धावायचं नाही, त्याच्या आधीच निघायचं. मी मोबाइलवर गजर लावला आणि तो वाजला तेव्हा खरंच हातातलं काम टाकून निघाले. पुन्हा कधी गेले तरी तेच करीन.

गाळाचा नमुना म्हणजे फावड्याने उचललेला चिखल नव्हे, हे मला त्या दिवशी नीट कळलं. थर जसे खाली आहेत तसेच्या तसे वर यायला हवेत. त्यासाठी साठ सेंटिमीटर लांबीची, पारदर्शक अॅक्रिलिकची नळी होती. खालची कडा कानशीने धारदार केलेली. ती सरळ उभी धरून चिखलात दाबायची, वर लाकडी फळी ठेवून तळहाताने ठोकायची. पुरेशी आत गेली की वरची रिकामी जागा तिथल्याच पाण्याने काठोकाठ भरायची आणि रबरी बूच घट्ट बसवायचं. मग ओढताना आतला गाळ घसरत नाही, नळीला चिकटून वर येतो. तरीही खालचं तोंड उघडं असतंच. एक जण हळूहळू नळी उचलतो आणि दुसऱ्याने बाजूने चिखलात कोपरापर्यंत हात घालून ते तोंड बुचाने बंद करायचं. तो हात माझा होता. चिखल वर कोमट होता, आणि वीतभर खाली गेल्यावर एकदम गार लागला.

नळी पुसून उजेडात धरली तेव्हा काय दिसलं ते मी वहीत तिथेच उतरवून घेतलं. वरचे दोन-अडीच सेंटिमीटर काकवीच्या रंगाचे, तपकिरी. त्याखाली राख कालवल्यासारखा करडा पट्टा. साधारण आठ सेंटिमीटरपासून काळे डाग सुरू, आणि एका बाजूला कसलं तरी पान कुजून गेलेलं, त्याच्याभोवती काजळासारखा काळाभोर गोळा. त्या एका नळीत उभा रस्ता दिसत होता, जो मी तोवर फक्त पाठ केला होता.

तो रस्ता असा. वरून मेलेलं शैवाल, पालापाचोळा, किड्यांची विष्ठा गाळावर पडत राहते आणि ती खायला जीवाणू टपलेले असतात. खाल्लेलं जाळायला आपल्याला ऑक्सिजन लागतो, तसा त्यांनाही. पण किनाऱ्यावरच्या गाळात तो वरच्या काही मिलिमीटरांतच संपून जातो. मग नायट्रेट, मग मँगनीज आणि लोहाचे गंज, आणि तेही संपले की सल्फेट. समुद्राच्या पाण्यात सल्फेटला तोटा नाही. एका लिटरमध्ये सुमारे २.७ ग्रॅम. त्याच लिटरमध्ये विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम. म्हणून ऑक्सिजनची शिदोरी संपल्यावर हे जीवाणू सल्फेटवर दिवस काढतात आणि उरलेल्याचं हायड्रोजन सल्फाइड करून बाहेर टाकतात. आपण कार्बन डायऑक्साइड सोडतो, ते त्याच्या जोडीला हेही सोडतात.

त्यांच्या या श्वासातली एक गोष्ट मला आजही थांबवते. सल्फेट इतकं थंड, इतकं निर्विकार आहे की ते आपणहून कशाशीच झटकन अभिक्रिया करत नाही. जीवाणूला आधी स्वतःच्या गाठीची ऊर्जा घालावी लागते. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या नाण्याचा, एक रेणू मोडून सल्फेटला जोडायचा, तेव्हा कुठे ते पुढच्या पायरीला तयार होतं. गंधकाच्या एका अणूत आठ इलेक्ट्रॉन भरून त्याचं सल्फाइड झालं की मगच खर्च वसूल होतो, आणि नफा म्हणून हाती फार थोडं लागतं. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीवर जगणाऱ्यांनी किती काम उचलावं? बो बार्कर योर्गेनसन या डॅनिश संशोधकाने १९८२ साली दाखवून दिलं की किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर सेंद्रिय पदार्थांची जी विल्हेवाट लागते, तिच्यातला साधारण अर्धा वाटा सल्फेटवर श्वास घेणाऱ्यांचा असतो. उरलेल्या अर्ध्यात ऑक्सिजनसह बाकी सगळे. हे मी परीक्षेत दोन गुणांसाठी लिहिलं होतं. चिखलात हात कोपरापर्यंत असताना त्याचा अर्थ निराळा लागतो.

जीपमधून परत येताना नळी बर्फाच्या पेटीत उभी, आणि पेटी माझ्या दोन्ही पायांच्या मध्ये. पाद्र्याच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता, तिथे मी ती उचलून मांडीवर घेतली.

एका गोष्टीने मात्र मला कोड्यात टाकलं होतं. इतका काळा गाळ, पण नळीच्या तोंडाशी नाक नेलं तर वास जेमतेम. बुटातल्या चिखलाला वास होता, कारण माझा पाय त्या कुजक्या पानांच्या जागी रुतला होता. बाकी गाळाला ओल्या मातीचाच वास. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "आम्ल घालून बघ." धूर ओढणाऱ्या कपाटात काचेच्या बशीवर वाटाण्याएवढा काळा गाळ ठेवला, बशीच्या वर सल्फाइडने काळा पडणारा लेड अॅसिटेटचा पांढरा कागद धरला आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन थेंब सोडले. गाळ फसफसला. डोळ्यांदेखत त्याचा काळा रंग उतरून तो करडा झाला आणि त्याच क्षणी वरचा कागद आधी चहासारखा, मग कॉफीसारखा, मग काळा होत गेला. सल्फाइड होतं, भरपूर होतं. ते लोहाने धरून ठेवलं होतं. लोह आणि सल्फाइड मिळून होणारं आयर्न सल्फाइड, तोच तो काळा रंग. नर्मदा आणि मही आपल्याबरोबर दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज घेऊन येतात, तिच्यात लोह मुबलक. शिवाय आखाताची भरती वरचा गाळ सतत ढवळते, त्यामुळे वापरलेलं लोह पुन्हा गंजून पुन्हा कामाला येतं. कंबोईचा चिखल काळा असून फारसा घाण का मारत नाही, याचं मला पटलेलं कारण हे.

त्याच बशीशेजारी मी आम्ल न घातलेला एक गोळा उघडा ठेवून घरी गेले. सकाळी तो वरून तपकिरी झाला होता, मधोमध फोडला तर आत अजून काळा. हवा लागली की सल्फाइड पुन्हा सल्फेटाच्या वाटेला लागतं. किनाऱ्यावरच्या गाळात तयार होणाऱ्या सल्फाइडपैकी बहुतेक सगळं, दहातले सुमारे नऊ भाग, असंच पुन्हा ऑक्सिडीकृत होतं. उरलेलं पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, होऊन गाळात पुरलं जातं, सूक्ष्मदर्शकाखाली रासबेरीसारखे दिसणारे त्याचे गोळे. हे चक्र आहे म्हणून समुद्राला सल्फेट पुरतं.

आता जीवाणू वाढवायचे. इथे माझे सहा आठवडे गेले.

हे जीव हवेला भितात. काही जण थोडी हवा सोसतात, पण वाढत नाहीत. म्हणून खाद्य तयार करताना पाणी उकळायचं, नायट्रोजनचे बुडबुडे सोडत थंड करायचं, मग त्यात लॅक्टेट, सल्फेट, मीठ, थोडं यीस्टचं सत्त्व, लोहाचा क्षार आणि उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकायला सिस्टीन. शेवटी रेझाझुरिन नावाच्या रंगाचे दोन थेंब. हा रंग म्हणजे पहारेकरी. हवा असेल तर द्राव गुलाबी, नसेल तर बिनरंगी. नळ्या बुचांनी बंद करून १२१ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवायच्या.

पहिल्या खेपेला वीस नळ्या भरल्या. कपाटात ठेवताना सगळ्या पाण्यासारख्या स्वच्छ. चौथ्या दिवशी दार उघडलं तर वीसच्या वीस गुलाबी, गुलकंदाच्या रंगाच्या. एकीतही काही वाढलं नाही. मी नायट्रोजन कमी पडला असं समजून पुन्हा तासभर जास्त सोडला, पुन्हा भरल्या. आठवड्याने पुन्हा गुलाबी. तिसऱ्या खेपेला गाळ न घालता नुसत्या खाद्याच्या नळ्या ठेवल्या, त्याही गुलाबी झाल्या, तेव्हा कुठे संशय बुचांवर गेला. बुचं साध्या रबराची होती. ज्याने पुरवली त्याने चांगलीच म्हणून दिली होती आणि दिसायला होतीही चांगली, पण साध्या नैसर्गिक रबरातून ऑक्सिजन हळूहळू झिरपतो. इथे ब्यूटाइल रबर लागतं, करडं, जाड, सुई टोचायला हात दुखतो असं. दुसऱ्या प्रयोगशाळेतून तीस बुचं उसनी आणली. त्या नळ्या बिनरंगीच राहिल्या. मला वाटतं ही गोष्ट पद्धतीच्या पुस्तकात पहिल्या पानावर ठळक छापायला हवी.

मग गाळ कापणं. नायट्रोजन भरलेल्या पिशवीत हात घालून नळीतला गाळ खालून दट्ट्याने वर सरकवायचा आणि दर दोन सेंटिमीटरला चकती कापायची. प्रत्येक चकतीतला एक ग्रॅम नऊ मिलिलिटर खाऱ्या पाण्यात, त्यातला एक पुढच्या नळीत, असं दहा-दहा पटीने पातळ करत सहाव्या नळीपर्यंत. आणि दोन राखणीच्या नळ्या, एकीत उकळून मारलेला गाळ, दुसरीत जिवंत गाळ पण सोबत सोडियम मॉलिब्डेट. मॉलिब्डेट दिसायला सल्फेटासारखंच, त्यामुळे जीवाणू फसतो आणि त्याचा हा श्वास अडतो. तिथे काळं झालं नाही तरच बाकीच्या नळ्यांतला काळेपणा त्यांचा म्हणता येणार.

वाट बघताना मी रोज सकाळी दहाला कपाट उघडायचे. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दहा सेंटिमीटर खोलीच्या पहिल्या नळीच्या तळाशी मोहरीएवढा काळा ठिपका. संध्याकाळी तो धुरासारखा वर चढत होता. पाचव्या दिवशी नळी अख्खी काळी, काचेतून पलीकडचं बोट दिसेना. त्याच्या पुढची, त्याच्या पुढची, करत करत त्या खोलीची चौथी नळीसुद्धा काळी झाली. वरच्या तपकिरी थरातली फक्त पहिलीच. मॉलिब्डेटची नळी स्वच्छ. उकळलेली स्वच्छ. मी सरांना बोलवायला धावत गेले.

सूक्ष्मदर्शकाखाली ते पहिल्यांदा बघितले तो दुपारचा एक होता आणि मी जेवायचं विसरले. वाकडे, स्वल्पविरामासारखे, भराभर गिरक्या घेत पळणारे, आणि काचेच्या पट्टीच्या कडेने हवा आत आली की हळूहळू मंदावणारे. याच घराण्यातला पहिला जीवाणू नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला मार्टिनस बायेरिंक यांनी १८९५ साली शोधला. एवढं सांगायला हवं की नळीत जो वाढला तोच गाळात सगळ्यांत जास्त आहे असं मी मानत नाही. लॅक्टेट दिलं की हे चपळ वाकडे जीवाणू इतरांच्या आधी ताटावर बसतात. प्रत्यक्ष समुद्रतळावर अॅसिटेट खाणारे, सावकाश वाढणारे त्यांचे भाऊबंद मोठं काम करतात, आणि ते माझ्या नळीत आलेच नसतील. प्रबंधात हे वाक्य मी आग्रहाने ठेवलं. परीक्षकांनी त्यावरच सर्वांत जास्त प्रश्न विचारले.

वासाबद्दल एक गोष्ट हे काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगते. हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडं असलं तरी नाकाला कळतं, पण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास पोचलं की नाक बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं धरून चालू नये. काळ्या नळ्या मी उघड्यावर कधीही उघडल्या नाहीत.

त्या दिवसांत एकदा रात्री आजीला मी हे सगळं सांगत बसले. ती पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, "मग माझं पादेलोण पण तुझे किडेच करतात का?" मी म्हटलं, नाही गं, ते भट्टीत होतं. खनिज मीठ, हिरड्यासारख्या वनस्पती आणि कोळसा मडक्यात कोंडून तासन्‌तास लालबुंद भाजतात. मिठात थोडं सल्फेट असतं, कोळसा त्याचा ऑक्सिजन ओढून घेतो आणि उरतं सल्फाइड. हे सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की दोन्हीकडे गोष्ट एकच आहे. कंबोईच्या चिखलात कोळशाच्या जागी कुजकं पान, आणि भट्टीच्या जागी तीस अंशांचा कोमट गाळ. जे करायला माणसाला लाल निखारे लागतात, ते हा जीवाणू हिवाळ्यातल्या समुद्रकाठी करतो, प्रथिनांच्या जोरावर. आजी म्हणाली, "म्हणून देवाची चांदी काळी पडते तशी तुझी अंगठी पडलीय." खरंच, उजव्या हातातली अंगठी निळसर काळी झाली होती.

त्यावरून मला सुचलं. आजीकडे एक तुटकं पैंजण होतं. मांडवीजवळच्या आमच्या सोनारकाकांनी ते वितळवून, ओढून त्याची वीसेक सेंटिमीटरची सरळ तार करून दिली. घडणावळ घेतली नाही. शेवटच्या फेरीत आणलेल्या नळीत मी ती तार मधोमध उभी खुपसली, वर गाळाच्या पातळीशी सुईने खूण केली आणि रात्रभर ठेवली.

सकाळी ओढून काढली, नुसत्या पाण्याने धुतली. वरचे साडेतीन सेंटिमीटर चांदी जशीच्या तशी चमकत होती. तिथे सल्फाइड पोचलंच नव्हतं. त्याखाली सोनेरी झाक, मग तपकिरी, मग नऊ सेंटिमीटरच्या खाली दाट काळं. चौदाव्या सेंटिमीटरवर जांभळट निळा पट्टा होता, त्याचं कारण मला लागलं नाही. तपकिरी गाळ संपतो तिथे नव्हे, त्याच्याही खाली चांदी काळी व्हायला लागते. मधल्या करड्या पट्ट्यात ऑक्सिजनही नाही आणि मोकळं सल्फाइडही नाही. तो लोहाचा टापू. असाच रिकामा पट्टा गाळात सेंटिमीटरभर लांब, विजेच्या तारेसारखे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे जीवाणू असले तरी दिसतो. ते २०१२ साली डेन्मार्कमध्ये सापडले. आमच्या सतत ढवळल्या जाणाऱ्या चिखलात ते टिकतील असं मला वाटत नाही, पण शोधावेत असं फार वाटतं.

तार घरी नेली तेव्हा आजीने ती डोळ्यांजवळ धरून बघितली आणि रांगोळीचा डबा काढला. चांदी घासायला तिला रांगोळीच लागते. मी तिचा हात धरला. "नको आजी, हे पुसायचं नाही."

तिने डबा परत ठेवला, चष्मा लावला आणि मला पट्टी आणायला सांगितलं. मग ती एकेक रंग बोटाने दाखवत गेली आणि मी सेंटिमीटर वाचत गेले.